आधी घोडी बघा!

शिंगरू विकत आणणं आणि शिंगरू ठरवून जन्माला घालणं यात किती अंतर आहे हे मला आत्ता आत्ता कळलंय, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. विकत घेताना जनावर समोर उभं असतं. आवडलं, पैसे मोजले, आणून दावणीला बांधलं. इथे मात्र समोर एक घोडी असते, एक घोडा असतो, आणि जो जीव हवाय तो अजून कुठेच नसतो! तो या दोघांकडे बघून आपण डोळ्यांपुढे उभा करायचा. हिचे खूर, त्याचा खांदा, हिचा शांतपणा, त्याची छाती. एकदा असं बघायची सवय लागली की कुठलंही घोडं नुसतं घोडं राहत नाही. त्याची आई कशी असेल, त्याला कोण जोडीला द्यावं, त्याच्या पोटी काय येईल, असे प्रश्न आपोआप सुरू होतात. मला तर आता झोपेतही तेच दिसतं.

मी राहते भीमा-नीरेच्या मुलखात. पिकं निघाली की आमच्या शेतात धनगरांची मेंढरं बसवतात. रात्रभर वाघरीच्या जाळीच्या आत मेंढरं, सकाळी वावराला लेंडीखत, आणि वाड्याला, म्हणजे त्यांच्या तळाला, आमच्याकडून धान्य. हे लहानपणापासून बघत आलेय. वाडा हलतो तेव्हा पुरुष मेंढरं घेऊन पुढे निघतात आणि सगळं बिऱ्हाड मागून घोड्यांवर येतं, हेही रोजच्या बघण्यातलं. पण गेल्या कार्तिकात मी पहिल्यांदा थांबून नीट बघितलं. एक मावशी घोडी लादत होती. आधी घोंगड्याची घडी पाठीवर, मग वाघरीच्या गुंडाळ्या, भांड्यांचं गाठोडं, अंथरुणं, वर चार कोंबड्या पाय बांधून, आणि एका बाजूच्या पिशवीतून आदल्या रात्री जन्मलेल्या कोकराचं तोंड बाहेर. एवढा सगळा डोलारा चढेपर्यंत घोडी मोकळी उभी होती. कुणी धरलेली नाही, बांधलेली नाही. कान तेवढे मागेपुढे. शेवटची गाठ मारून मावशीनं कुल्ल्यावर थाप मारली आणि ही चालू लागली!

तिच्या मागे दुसरी घोडी चालायला लागली, तशाच चणीची, तरुण. आणि तिच्या पोटाला चिकटून एक तांबूस शिंगरू. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "ही म्हातारी, ती हिची लेक, आन् ते लेकीचं प्वार." आई, लेक, नात अशा तीन पिढ्या एका ओळीत माझ्यासमोरून चालत गेल्या. घोड्यांच्या धंद्यातले लोक ज्या वंशावळीसाठी कागद जपून ठेवतात ती वंशावळ इथे बांधावरून चालत होती, ओझं घेऊन, उन्हात! आजीची पाठ कशी टिकलीय ते बघा, म्हणजे लेकीची दहा वर्षांनी कशी असेल ते कळतं. लेकीची चाल बघा, मग शिंगराची बघा. त्याच संध्याकाळी माझ्या मनानं घेतलं की आपण या घराण्यातलं एक शिंगरू जन्माला घालायचं.

हा घोडा म्हणजे आपला भीमथडी. दख्खनी म्हणा, तट्टू म्हणा. खांद्यापाशी माझ्या छातीएवढा, आटोपशीर, कणखर. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा आणि बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळायचा, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण ते घोडे पुढे गेले कुठे, हे कुणी विचारत नाही. इथल्या तट्टांत अरबी आणि तुर्की घोड्यांचं रक्त मिसळत मिसळत हा घोडा घडला. त्याची ख्याती उंचीची नव्हतीच. थोड्या चाऱ्यावर, खडकाळ वाटेवर, रोजची लांब मजल मारण्याची होती. १७५८ मध्ये मराठे अटकेपर्यंत गेले ते घोड्यांच्या पाठीवर बसून. फौजा संपल्या, पागा मोडल्या, इंग्रजांच्या पलटणींना उंच घोडे हवे झाले, आणि हा दख्खनी घोडा धनगरांच्या वाड्यात टिकून राहिला. बायकांच्या हातात! वाट चालताना घोडी लादणं, उतरवणं, चारणं हे सगळं वाड्यात बहुतेक बायकाच बघतात, आणि म्हणून या घोड्यांचं खरं ज्ञानही त्यांच्याकडेच आहे. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, मणिपुरी, भूतिया, कच्छी-सिंधी आणि आता भीमथडी. वाचलं तेव्हा मी घरात ओरडून सगळ्यांना सांगितलं होतं.

मी ठरवलं तरी लगेच घोडी घेतली नाही. आधी सारंगखेड्याला जाऊन आले. दत्तजयंतीला तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत भरणारा तो घोडेबाजार ज्यानं पाहिला नाही त्यानं एकदा तरी पाहावा. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात! मारवाडी घोड्यांचे आतल्या बाजूला वळून टोकाला टोक भिडणारे कान, गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुक्रा, ढोलाच्या तालावर पाय उचलणारे नाचे घोडे. डोळे दिपतात. पण दिवसभर फिरल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळी गर्दी नरांभोवती आहे. उंची किती इंच, रंग कुठला, देवमण हा शुभ भोवरा आहे का, अंगावरच्या केसांचे बाकी भोवरे कुठे कुठे आहेत, बाप कोण. बापाचं नाव घेताना माणसाची छाती फुगते. आईचं नाव मी विचारलं की "चांगली घोडी आहे घरची" एवढ्यावर विषय संपायचा. भोवऱ्यांवरून किंमत हजारोंनी हलते आणि ती श्रद्धा पिढ्यान् पिढ्यांची आहे, तिचा मान ठेवते मी. पण घोडा चालतो पायांवर, आणि शिंगरू वाढतं आईच्या पोटात. माझं मन सारखं आमच्या बांधावरच्या त्या ओळीकडे धावत होतं.

बाजारात सल्लेही भरपूर मिळाले. छोट्या घोडीला उंच मारवाडी दाखवा, नाहीतर नुक्रा लावा, पांढरं शिंगरू झालं तर वरातीला मागणी, पैसाच पैसा. हिशेबाच्या दृष्टीनं त्यात खोट नाही. पण भीमथडी घोडीच्या पोटी दर वेळी दुसऱ्याच जातीचं शिंगरू आलं तर भीमथडी उरणार कुठून? घोडीचा गाभणकाळ अकरा महिन्यांचा, साधारण ३४० दिवस. वेतात एकच शिंगरू. उभ्या आयुष्यात एका घोडीला मोजकी शिंगरं होतात. त्यातलं प्रत्येक बाहेरच्या घोड्याला दिलं की तेवढं घराणं उणं झालं. मी तिथेच पक्कं केलं की घोडी भीमथडी आणि घोडाही भीमथडीच.

परत आल्यावर म्हाताऱ्या घोडीचं विचारून बघितलं. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं! "हिला इकली तर बिऱ्हाड काय डोस्क्यावर न्यायचं?" मग बरंच बोलणं झाल्यावर लेकीला द्यायला तयार झाल्या. शिंगरू अंगावरून सुटलं होतं, ते त्यांनी ठेवून घेतलं. आणि व्यवहाराआधी त्यांनी मला घोडी बघायला शिकवलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, काळेभोर डोळे, कपाळावरची चांदणी. "ताई, त्वांड काय बघताय, पाय बघा आदी."

तर पाय. पाय म्हणजे आधी खूर. मावशींनी पुढचा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि बोटानं दाखवत गेल्या. भिंत जाड, कुठे चीर नाही, तळ आत वळलेला, मधली बेडकी रुंद आणि रबरासारखी, वास नाही. नाल न मारता ही घोडी घाट उतरून कोकणात जाऊन आलेली होती. मग समोरून उभं राहून बघायचं की खांद्यापासून ओळंबा सोडला तर तो गुडघ्याच्या आणि खुराच्या मधोमध येतो का. मागून बघायचं की टाचा आत वळल्यात का. मग चालवायची, सरळ रेषेत, आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर. पाय बाहेर फेकते का, एकमेकांना घासते का. मग वळवायची. या एकट्या घोडीकडे आम्ही ऊन उतरेपर्यंत बघत होतो, आणि दर वेळी नवीन काहीतरी दिसत होतं!

दातांवरून वय कळतं हे ऐकून होते, प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघितलं. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांपासून जोडी-जोडीनं पडत जातात आणि पाच वर्षांत तोंड भरतं. पुढे दहाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपाशी एक गडद खाच उमटायला लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्याला पार खालपर्यंत. हिच्या दातावर खाच नव्हती. म्हणजे तोंड भरलेलं आणि दहाच्या आतली. उत्तम! पंधरानंतर घोडी गाभण राहण्याचं प्रमाण घसरत जातं.

नंतर आमच्या डॉक्टरांनी मागून तपासली आणि मला अजून एक गोष्ट दाखवली जिच्याकडे बाजारात कुणी ढुंकून बघत नाही. शेपटी उचलली की योनीमुख उभं सरळ हवं, ओठ घट्ट मिटलेले हवेत. ते आतल्या बाजूला कललेलं असेल तर शेण वरून आत जातं, गर्भपिशवीला सूज येते, आणि मग जगातला कितीही मोठा घोडा लावा, गर्भ टिकत नाही. कास बघितली, दोन्ही सड सारखे. अंगावर मांस किती, तेही हात फिरवून. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या हेनेके नावाच्या संशोधकानं यासाठी १ ते ९ अशी मोजपट्टी बसवली. बरगड्या दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, म्हणजे जनावर मधोमध आहे. आमची घोडी थोडी हडकुळी होती. चंदी सुरू केली. भिजवलेला हरभरा, लसूणघास, कडबा. अंग भरत गेलं तशी कातडीला अशी झळाळी आली की मी दिवसातून चारदा गोठ्यात डोकावत होते.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं अक्षरशः गरगरलं ती सांगते. घोडी छोटी आहे, समजा घोडा मोठा लावला तर विताना अडेल का, असं मी डॉक्टरांना सहज विचारलं. त्यांनी मला १९३८ चा एक प्रयोग सांगितला. केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी शायर आणि शेटलंड यांचा संकर करून बघितला. शायर म्हणजे गाड्या ओढणारा अवाढव्य घोडा, शेटलंड म्हणजे कमरेएवढं तट्टू. कृत्रिम रेतनानं त्यांनी दोन्ही बाजूंनी जोड्या लावल्या: शायर आई आणि शेटलंड बाप, शेटलंड आई आणि शायर बाप. रक्त दोन्हीकडे निम्मं निम्मं. पण शायर आईच्या पोटी जन्मलेली शिंगरं शेटलंड आईच्या शिंगरांच्या जवळजवळ तिप्पट वजनाची होती! शिंगरू किती वाढवायचं हे आईची पिशवी ठरवते. बाप कितीही उंच असो, आई आपल्या घरात मावेल एवढंच बाळ वाढवते.

आणि आईचं देणं तिथेच थांबत नाही. पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया शिंगराला आईकडूनच मिळतात. पुढे पाच-सहा महिने ते तिच्याच पोटाला चिकटून असतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे: शिंगरू जन्मल्यावर पहिले काही दिवस त्याला अजिबात हात न लावता फक्त आईला प्रेमानं खरारा केला, तर ती शिंगरं माणसाला कमी बुजतात, जवळ येतात, आणि हा फरक पुढे कित्येक महिने टिकतो. आई माणसाकडे कशी बघते ते बघून शिंगरू शिकतं. कोंबड्या-कोकरांसकट बिऱ्हाड चढत असताना मोकळी उभी राहणारी ती म्हातारी आठवा, आणि तिच्या मागे तशीच चालणारी लेक. ही वृत्ती विकत मिळत नाही!

मग घोडा शोधायला निघाले.

भीमथडीचे चांगले नर हातावर मोजावे एवढेच सापडतात. पहिला बघितला तो एका हौशी मालकाकडे. जातीच्या मानानं उंच, रुबाबदार, नाचरा, अंगावर तेल लावल्यासारखी चमक. कुणीही प्रेमात पडावं. मी दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. आमच्या घोडीत एक उणीव आहे: तिचा खांदा थोडा उभा आहे, त्यामुळे पुढचा पाय लांब पडत नाही. आणि या रुबाबदार घोड्याचाही खांदा तसाच उभा! दोघांत एकच उणीव असली की शिंगरात ती पक्की होऊन येण्याची भीती. जोडी जमवण्यातलं सगळं कसब इथे आहे. परिपूर्ण घोडा शोधायचा नसतो, आपल्या घोडीचं उणं भरून काढणारा शोधायचा असतो. आणि तिचं जे उत्तम आहे ते त्याच्यातही असेल तर सोन्याहून पिवळं.

तसा घोडा नीरेपलीकडे फलटणच्या बाजूला अण्णा नावाच्या शेतकऱ्याकडे सापडला. त्यांच्या घरातल्या मागच्या पिढीनं वाडा सोडून शेती धरली, पण घोडी सोडली नाहीत. अण्णांनी घोडा बाहेर आणला तेव्हा पहिल्या नजरेत काही भरला नाही. नखशिखांत तांबूस, आयाळसुद्धा अंगाच्याच रंगाची, डोकं जरा जड. पण चालायला लागला आणि मी जागेवरच उभी राहिले! खांदा तिरका, मागे झुकलेला, पाऊल कसं मोकळं पडत होतं. छाती खोल. खूर आमच्या घोडीसारखे दगडी. दोन्ही वृषण खाली उतरलेले आहेत का ते बघितलं, कारण एक वर अडकलेला असेल तर तो दोष पुढे जाऊ शकतो. ओठ उघडून वरखालचे दात एकावर एक बसतात का ते बघितलं. मग अण्णांना म्हटलं, याची शिंगरं दाखवा.

कुठलाही घोडा लावण्याआधी त्याची शिंगरं बघा, हे मी आता भेटेल त्याला सांगत सुटलेय. घोडा स्वतः कसा दिसतो ते त्याचं झालं. तो देतो काय, ते त्याची शिंगरं सांगतात. तीही वेगवेगळ्या आयांपासून झालेली बघा. अण्णांनी मोटरसायकलवरून गावोगाव फिरवलं. एका ठिकाणी पोट सुटलेली घोडी होती, तिच्या शिंगराचा खांदा तिरका. दुसरीकडे पाय आत वळलेली घोडी, तिच्याही शिंगराचा खांदा तिरका. आयांच्या तऱ्हा वेगवेगळ्या, आणि हा एक गुण सगळीकडे ठसठशीत उतरलेला! एका घरची पोरं तर त्याच्या दोन वर्षांच्या शिंगीच्या, म्हणजे मादी शिंगराच्या, पोटाखालून पलीकडे जात होती आणि ती रवंथ करणाऱ्या गाईसारखी निवांत उभी. माझा निर्णय तिथेच झाला. नात्याचंही विचारून घेतलं. मावशींच्या वाड्याचा आणि अण्णांच्या घोड्यांचा मागच्या तीन-चार पिढ्यांत संबंध आलेला नाही, हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांनी आठवून आठवून सांगितलं. एवढ्या थोड्या संख्येच्या जातीत हे विचारलंच पाहिजे.

रंगाची गंमत यानंतरची, आणि ती मी मुद्दाम निवडीनंतर ठेवली होती. आमची घोडी कुमाईत: अंग तपकिरी-तांबडं; आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखाली काळं. घोडा पूर्ण तांबूस. तांबूस रंगाला आई आणि बाप दोघांकडून एकेक तांबूस जनुक यावं लागतं. काळ्याचं एक जरी आलं तरी कुठेतरी काळं दिसतंच. आता आठवा, घोडीचं पहिलं शिंगरू तांबूस होतं! म्हणजे तिच्यात एक तांबूस जनुक लपलेलं आहे, ते तिनं त्याला दिलं. तपासणी नाही, प्रयोगशाळा नाही, नुसतं लेकराकडे बघून आईच्या आतलं कळलं! म्हणजे या जोडीतून शिंगरू तांबूस होण्याची शक्यता बरोब्बर निम्मी. उरलेल्या निम्म्यात कुमाईत किंवा काळं. काळा रंग फक्त पायांपुरता आणि आयाळीपुरता ठेवायचा की अंगभर पसरू द्यायचा हे दुसरं एक जनुक ठरवतं, आणि तांबूस घोड्यात काळं नसल्यामुळे त्याच्याकडे ते जनुक कुठलं आहे ते बाहेरून दिसतच नाही. काळं शिंगरू झालंच तर घोड्याच्या पोटातलं ते गुपितही फुटेल. पांढरट सब्जा मात्र होणार नाही, कारण त्यासाठी आईबापांपैकी एक तरी सब्जा लागतो. कागदावर चौकोन काढून हे सगळं मांडलं त्या रात्री मी कितीतरी वेळ जागी होते.

तपासण्यांबद्दल थोडक्यात, पण चुकवू नका. दोन्ही जनावरांची ग्लँडर्सची रक्ततपासणी हवीच. तो रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि तपासणीत आलेलं जनावर वाचवता येत नाही. जोडीला संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणी. धनुर्वाताची लस, जंतांचं औषध. घोडीच्या पिशवीत जंतू नाहीत ना, याचा स्वॅब.

माघ सरत आला, दिवस मोठे व्हायला लागले, आणि घोडी माजावर यायला लागली. घोडीचं चक्र उजेडावर चालतं. दिवस लांबले की अंडाशय जागे होतात. एकवीस दिवसांचं चक्र, त्यात पाच ते सात दिवस माज, आणि बीज सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. सुटलेलं बीज काही तासच टिकतं, घोड्याचं वीर्य मात्र दोन दिवस सहज तग धरतं. म्हणून घोडा आधी लावायचा, बीज सुटायच्या जरा आधी. डॉक्टर सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आले आणि पडद्यावर मला एक काळा गोल दाखवला, बीजाचा फुगा. दुसऱ्या खेपेला तो मोठा झालेला, ३५ मिलिमीटरच्या पुढे गेलेला, कडेला जरा मऊ पडलेला. "आज न्या," ते म्हणाले. टेम्पो आदल्या रात्रीच सांगून ठेवला होता! अण्णांच्या घरी घोडीच्या शेपटीला कापड गुंडाळलं, घोडा दूर आडोशाला उभा केला. तिनं त्याला बघितलं, कान पुढे केले, मागचे पाय फाकवून शेपूट बाजूला घेतली. अण्णा म्हणाले, आता ती स्वतः हो म्हणतीय. तोवर अण्णांनी घोडा हलवला नव्हता.

पंधराव्या-सोळाव्या दिवसाच्या आसपास परत सोनोग्राफी करायची ती जुळं नाही ना हे बघायला. घोडीला जुळं पेलत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात; लवकर कळलं तर डॉक्टर एक गर्भ बोटांनी दाबून थांबवतात. आमचा एकच होता. आणि मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून मला ओरडावंसं वाटलं. घोडीच्या नळीत फलन न झालेली बीजं तशीच पडून राहतात. फलन झालेला गर्भ मात्र रासायनिक खूण करून वाट उघडून घेतो आणि पिशवीत उतरतो. उतरल्यावर एका जागी बसत नाही! सोळाव्या दिवसापर्यंत तो पिशवीभर फिरत असतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवसातून कितीतरी वेळा, आणि मी आलोय, आता माज थांबव, असं आईच्या शरीराला कळवत असतो. मग एका जागी स्थिरावतो. उतरला तेव्हा डोळ्याला धड दिसणारही नाही एवढा जीव, आणि पहिल्याच पंधरवड्यात आईचं सगळं घर पालथं घालून आलेला!

ज्येष्ठात वाडा कोकणातून परतला. मावशी पाठीवरचं ओझं उतरवायच्या आधी गोठ्यात आल्या, घोडीच्या पोटावरून, पाठीवरून, चारी पायांवरून हात फिरवला, खूर उचलून बघितला. घोड्याचा फोटो मोबाइलवर दाखवला तर म्हणाल्या, "डोस्कं मोठं हाय." मग मी त्याच्या चालीचा व्हिडिओ लावला. त्यांनी तो परत लावायला सांगितला. मग परत.

आता माघाची वाट. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, सडांवर मेणासारखा चीक साकळला की जागायला सुरुवात करायची. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत आचळाला लागायला हवं, तीन तासांत वार पडायला हवी. नाहीतर डॉक्टरांना बोलवायचं. चीक पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे, कारण शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं जवळजवळ काहीच नसतं, ते सगळं चिकातून येतं. ठाणाची जागा ठरलीय, वैरण साठवायला घेतलीय, दिवे बसवलेत.

शिंगी झाली तर ती विकायची नाही, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय. नर झाला तर त्याचं काय, यावर जोरदार चर्चा चालू आहे. मावशींच्या वाड्यात देता येणार नाही, तिथे त्याची आजी आणि बहीण आहे. अण्णांकडे देता येणार नाही, तिथल्या निम्म्या शिंग्या त्याच्या बापाच्या. खांदा खरंच तिरका उतरला आणि खूर आईवर गेले, तर त्याला असा वाडा हवा जिथे या दोन्ही घराण्यांचं रक्त पोचलेलं नाही. सोलापूरच्या बाजूला मंगळवेढ्याकडे असा एक वाडा आहे आणि त्यांच्याकडे पाच-सहा चांगल्या घोड्या आहेत असं मावशींच्या जावयानं सांगितलंय. पाऊस जरा उघडला की मी बघायला निघणार आहे. घोड्या आधी!